नौकेचा तळ आणि त्याचा रंग

(नभोवाणीवरील भाषण)

इ. स. १५०३ च्या जून महिन्यांत कोलंबसानें आपलीं उरलेलीं दोन जहाजें जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वाळूंत चढवून उभीं केलीं. त्याची ही चौथी व शेवटची सफर होती. जहाजांची ती दशा एकट्या वादळांनीं केली नव्हती. त्यांच्या तळाच्या फळ्या समुद्रांतील किड्यांनीं पोखरून त्यांची चाळण करून टाकली होती, आणि पंप मारून मारून खलाशांचे हात थकले तरी आंत शिरणारें पाणी हटत नव्हतें. त्या किनाऱ्यावर कोलंबसाला व त्याच्या लोकांना एक वर्ष अडकून पडावें लागलें. अटलांटिक महासागर पुनःपुन्हा ओलांडणाऱ्या या दर्यावर्द्याला अखेर ज्या शत्रूनें जागीं खिळविलें तो शत्रु लाकडांत शिरतो तेव्हां टांचणीच्या माथ्याएवढाहि नसतो.

नौका म्हटली म्हणजे शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें शीड, डोलकाठी, नाळेवर रंगविलेलें नांव व झेंडूच्या माळा उभ्या राहतात. नौकेचें आयुष्य मात्र पाण्याखालच्या, कोणाला न दिसणाऱ्या भागावर ठरतें. त्या भागाला उष्ण समुद्रांत कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां घराच्या खिडक्यांना हिरवा रंग द्यावा कीं निळा, यासारखाच वाटतो. पण खिडकीचा रंग चुकला तर शेजारी हंसतील एवढेंच. नौकेच्या तळाचा रंग कमकुवत निघाला तर मच्छीमाराचा हंगाम बुडतो. आणि तोच रंग फाजील जहाल निघाला तर खाडींतील कालवें मरतात. या दोन संकटांमधून वाट काढणें म्हणजेच तळाच्या रंगाची निवड.

समुद्रांत कोणतीहि स्वच्छ वस्तु टाकावी. तिच्यावर लागलीच वस्ती सुरू होते. पहिल्या कांहीं तासांतच सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर शेवाळें रुजतें. मग येतात कवचधारी जीव. कोंकणच्या किनाऱ्यावरील खडकांवर अनवाणी चालणाराच्या तळपायाला कापणारीं पांढुरकीं, शंकूसारखीं कवचें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. हे बार्नेकल. दिसण्यांत ते शिंपल्यांचे भाऊबंद, पण कुळानें खेकडा व कोळंबी यांचे. चार्ल्स डार्विन यानें १८४६ पासून १८५४ पर्यंतचीं आठ वर्षें या एका प्राणिवर्गाच्या अभ्यासांत घालविलीं. बार्नेकलचें पिल्लूं प्रथम पाण्यांत मोकळें पोहतें. शेवटच्या अवस्थेंत तें खाणें सोडून देतें व एकच काम करतें, तें म्हणजे बसावयास जागा शोधणें. एखाद्या भाडेकरूनें खोल्या पाहत हिंडावें तसें तें आपल्या मिशांनीं पृष्ठभाग चांचपडत चालतें, आणि जागा पसंत पडली कीं डोकें खालीं टेकवून अंगांतील चिकीनें कायमचें चिकटतें. त्यानंतर त्याला हलविणें म्हणजे खरवडूनच काढणें. तळाच्या रंगाला जें काय करावयाचें तें या घर शोधण्याच्या घटकेलाच करावें लागतें. एकदां घर बांधून झालें कीं रंगाचा उपयोग सरला.

थंड देशांत या वस्तीला हिवाळ्यांत खीळ बसते. पाणी गार झालें कीं नवीं पिल्लें फारशीं निपजत नाहींत व चिकटलेल्यांची वाढहि मंदावते. तेथील पुष्कळ नौकामालक हिवाळ्यापूर्वीं नौका पाण्याबाहेर काढतात व वसंतांत नवा रंग देऊन पुन्हा सोडतात. उष्ण कटिबंधांत अशी सुटी नाहीं. पाणी बाराहि महिने कोमट असतें, पिढीमागून पिढी येत राहते, आणि ऊन पाण्यांत रंगांतील औषधहि अधिक लवकर विरघळून जातें. म्हणजे शत्रु अधिक आणि दारूगोळा लवकर संपणारा! इंग्लंडच्या पाण्यांत दोन हंगाम टिकलेला रंग सिंगापुरास किंवा मुंबईस तितकाच टिकेल, अशी आशा धरणें म्हणूनच व्यर्थ होय. आपल्या पश्चिम किनाऱ्याचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. पावसाळ्यांत खाड्यांचें पाणी गोडसर होतें व खाऱ्या पाण्यांतील पुष्कळ जीवांना तें सोसत नाहीं. पण पाऊस सरून खारटपणा परतला कीं नव्या पिल्लांची झुंबड उडते. नेमक्या त्याच सुमारास कोंकणांतील होड्या पाण्यांत उतरलेल्या असतात.

लाकडी नौकेला याहूनहि घातक शत्रु आहे. कोलंबसाला गांठणारा तो हाच. त्याचें शास्त्रीय नांव टेरेडो. दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्यांचा सगोत्र आहे. त्याचे शिंपले मात्र डोक्याशीं उरलेले दोन लहानसे तुकडे, आणि त्यांचा उपयोग तो कानशीसारखा करतो. पिल्लूं असतांना तो बारीकशा भोंकांतून फळींत शिरतो, आंतल्या आंत लाकूड किसून वाढत जातो, आणि आपल्या बोगद्याला चुन्याचें अस्तर लावतो. बाहेरचें भोंक तेवढेंच बारीक राहतें. वरून फळी धडधाकट. आंतून ती पोकळ. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण या किड्याइतकी दुसऱ्या कोणाला लागू पडत नसेल. सागाचें लाकूड इतर पुष्कळ लाकडांपेक्षां त्याला अधिक काळ दाद देत नाहीं, पण तेंहि अगदीं अभेद्य नव्हे. फायबरग्लासच्या किंवा पोलादी नौकेला या किड्याचें भय नाहीं. बार्नेकल मात्र तिलाहि सोडीत नाहींत.

नुसते चिकटून राहणारे जीवहि कमी नुकसान करीत नाहींत. विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनियरानें १८७२ च्या सुमारास टॉर्की येथील लांब हौदांत फळ्या ओढून पाहिल्या. कांहींना गुळगुळीत व्हार्निश दिलेलें, कांहींना कापड, तर कांहींना वाळू चिकटविलेली. पृष्ठभाग जितका खरखरीत तितका पाण्याचा विरोध अधिक, हें त्यानें मोजून दाखविलें. वाळूच्या कणांची ही कथा, मग बोटाच्या पेराएवढ्या कवचांची काय सांगावी? १९०४ च्या ऑक्टोबरांत रशियाचें आरमार बाल्टिक समुद्रांतून जपानकडे निघालें. मादागास्करच्या ऊन पाण्यांत तें आठवडेच्या आठवडे नांगर टाकून होतें. १९०५ च्या मे महिन्यांत त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत जपानी आरमाराशीं गांठ पडली तेव्हां त्या जहाजांच्या तळांवर रान माजलेलें होतें. रशियाच्या पराभवाचीं कारणें अनेक; जहाजांची मंदावलेली गति हें त्यांतील एक होय. मच्छीमाराला असले रणसंग्राम करावयाचे नसतात. त्याचा पराभव डिझेलच्या बिलांत दिसतो. तळ घाण झालेली होडी तेवढ्याच अंतराला अधिक तेल पिते, बंदरांत उशिरां पोंचते, आणि तोंवर लिलाव उरकत आलेला असतो. शिवाय तळाला चिकटलेले हे प्रवासी तिकिटावांचून परमुलखांत जाऊन वसाहत करतात. मेक्सिकोच्या आखाताकडील मायटिलोप्सिस नांवाचा एक लहान शिंपला १९६७ सालीं विशाखापट्टणम बंदरांत आढळला व पुढें मुंबई बंदरांतहि. तो जहाजांच्या मार्फतच आला असावा, असें शास्त्रज्ञ मानतात.

यावर उपाय शोधण्याची धडपड फार जुनी आहे. डांबर, राळ, चुना, चरबी, शिशाचे पत्रे असे नाना उपाय निरनिराळ्या देशांनीं करून पाहिले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीसारख्या माशांच्या यकृताचें तेल व काजूच्या टरफलांचें तेल लाकडाला चोपडण्याची चाल होती. त्याच्या जोडीला भरतीबरोबर होडी किनाऱ्यावर चढवून ओहोटींत तिचा तळ घांसणें व सुकविणें, हा बिनखर्चाचा उपाय असे. होडी लहान व माणसें पुरेशीं असतील तर तो आजहि वाईट नाहीं. परंतु जें जहाज महिनेच्या महिने पाण्याबाहेर येऊं शकत नाहीं त्याला हे उपाय पुरे पडत नसत.

मोठ्या जहाजांना खरा गुण आला तो तांब्याचा. १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें ‘अलार्म’ नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले व तें वेस्ट इंडीजच्या ऊन पाण्यांत पाठविलें. १७६३ मध्यें तें परत आल्यावर पाहतात तों तांब्याखालच्या फळ्यांना किड्यांनीं शिवलेंहि नव्हतें. पण या आनंदाला लागलीच विरजण पडलें. तांब्याला टेकलेल्या लोखंडी खिळ्यांचा गंजून गंजून लगदा झाला होता. जेथें पत्र्यांभोंवतीं गुंडाळलेला तपकिरी कागद न काढतां तसाच राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड एकमेकांस टेकलीं म्हणजे त्यांचा विद्युत्घट बनतो व लोखंड झपाट्यानें झिजतें, हें कारण त्या काळीं कोणाला ठाऊक नव्हतें. दोन धातूंची गांठ पडूं देऊं नये एवढें त्या कागदाच्या चिटोऱ्यानें शिकविलें. पुढें पाण्याखालच्या लोखंडी खिळ्यांच्या जागीं तांब्याच्या मिश्र धातूचे खिळे आले, तेव्हांच तांबें निर्धास्तपणें वापरतां येऊं लागलें. पहिला धडा हा कीं, तळाला काय लावावें हें तळ कशाचा आहे यावर ठरतें.

दुसरा धडा सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या वांट्याला आला. तांब्याचे पत्रेहि समुद्रांत हळूहळू झिजत, आणि ते बदलण्याचा आरमाराला मोठा खर्च येई. १८२४ मध्यें डेव्हीनें यावर तोड काढली. पत्र्यांना त्यानें लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडले. ते तुकडे स्वतः झिजले व तांबें जसेंच्या तसें राहिलें. रसायनशास्त्राचा केवढा विजय! पण तीं जहाजें पाण्यांत राहिलीं आणि न झिजणाऱ्या त्या तांब्यावर शेवाळें व बार्नेकल खुशाल वाढूं लागले. तांबें झिजत होतें म्हणूनच तें त्या जीवांना विषारी होतें. झिजणें थांबलें तसें रक्षणहि थांबलें, आणि आरमाराला ती युक्ति सोडून द्यावी लागली.

घरांत कपड्यांच्या ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या ठेवतात. त्या हवेंत उडून उडून लहान होत जातात, आणि त्यांच्या त्या उडण्यानेंच कसर दूर राहते. एखाद्या काटकसरी गृहिणीनें त्या गोळ्या बुचाच्या बाटलींत घालून बाटली ट्रंकेंत ठेवली तर गोळ्या जन्मभर पुरतील, पण शालूची मात्र चाळण होईल. तळाच्या रंगाचें सारें शास्त्र या एका गोष्टींत सांठविलेलें आहे. जो विषारी रंग झिजत नाहीं तो राखीत नाहीं. तेव्हां दुकानांत जाऊन ‘सर्वांत टिकाऊ रंग कोणता?’ असें विचारणें हीच चूक होय. या नौकेला हव्या त्या मुदतीपर्यंत, हव्या त्याच वेगानें, कोणता रंग झिजत राहील, हें विचारलें पाहिजे. डेव्हीची युक्तीहि वाया गेली नाहीं. हल्लीं पोलादी तळावर व पंख्याच्या दांड्यावर जस्ताच्या वड्या बसवितात, त्या याच तत्त्वावर. त्या वड्यांवर रंग मुळींच फासूं नये. झांकलेलें जस्त झिजणार नाहीं व कोणाला राखणारहि नाहीं.

लोखंडी जहाजें आल्यावर तांब्याचा पत्रा थेट लोखंडावर बसविणें शक्य राहिलें नाहीं, आणि पत्र्याची जागा विषारी रंगानें घेतली. इंग्रजींत याला अँटिफाउलिंग रंग म्हणतात; येथें त्याला नुसतें तळरंग म्हटलें तरी चालेल. आजच्या बहुतेक तळरंगांतील मुख्य औषध तांब्याचेंच आहे : क्युप्रस ऑक्साइड नांवाची तांबडी भुकटी. बार्नेकलचें पिल्लूं बसूं नये म्हणून तळाच्या दर चौरस सेंटिमीटरांतून रोज सुमारें १० मायक्रोग्राम तांबें पाण्यांत उतरावें लागतें, असा एक प्रचलित अंदाज आहे. मायक्रोग्राम म्हणजे ग्रामाचा दहा लाखावा भाग. हें तांबें पाण्यांत कसें उतरतें यावरून तळरंगांचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार कठीण रंगाचा. याचा पापुद्रा जागच्या जागीं राहतो व त्यांतील तांबें आंतून पाझरत येतें. तो घांसण्याला व वेगाला दाद देत नाहीं. पण सुरुवातीला त्याचा जोर अधिक व मागाहून कमी; आणि तांबें संपलें तरी रिकामा पापुद्रा मागें उरतो. वर्षामागून वर्षें थर चढत गेले कीं एके दिवशीं सगळे खरवडण्याची पाळी येते. दुसरा प्रकार झिजणाऱ्या रंगाचा. यांतील राळ किंवा तत्सम द्रव्य पाण्यांत हळूहळू विरतें, आणि साबणाच्या वडीप्रमाणें खालचा ताजा थर उघडा पडत जातो. त्याचा जोर बराचसा सारखा राहतो व जुने थर साचत नाहींत. मात्र वाळूवर घासटला किंवा ब्रशानें जोरानें घांसला तर तो अकालींच निघून जातो. तिसरा प्रकार सिलिकोनचा. यांतील पुष्कळ रंगांत विष नसतें. पृष्ठभाग इतका निसरडा कीं जीवांना पक्की पकड मिळत नाहीं, आणि नौका वेगानें चालली कीं ते पाण्याच्या ओघाबरोबर निखळतात. पण जी नौका मंद चालते किंवा बहुतेक काळ नांगरलेलीच असते, तिला त्याचा लाभ थोडा. शिवाय तो महाग आहे, आणि दोर वा दगड घासटला तर सहज चिरतो.

तिसरा धडा सर्वांत महाग पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ट्रायब्युटिल टिन नांवाचें कथलाचें एक संयुग तळरंगांत घालूं लागले. त्याचा गुण असा विलक्षण होता कीं जहाजें वर्षानुवर्षें स्वच्छ राहूं लागलीं व मालकांना उत्तम रंग सांपडला असें वाटलें. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्काशों उपसागर कालवांच्या शेतीबद्दल प्रसिद्ध आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें कालवांचीं पिल्लें जगेनातशीं झालीं; मोठ्या कालवांचीं कवचें जाड व वेडींवांकडीं होऊन आंत मांसाला जागा उरेना. शोधाअंतीं दोष आला तो त्याच उपसागरांत नांगरलेल्या नौकांच्या तळरंगावर. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका जातीच्या समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचीं इंद्रियें फुटूं लागलीं व त्यांची वीण खुंटली. एवढा अनर्थ करण्यास एका लिटर पाण्यांत एक ग्रामाचे एक-दोन अब्जांश विष पुरे होत असे! फ्रान्सनें १९८२ मध्यें २५ मीटरांहून लहान नौकांना तो रंग लावण्यास बंदी केली आणि आर्काशोंचीं कालवें सावरूं लागलीं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या विद्यमानें २००१ सालीं या रंगांविरुद्ध करार झाला व १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलांत आला. सायब्युट्रिन नांवाच्या दुसऱ्या एका द्रव्यालाहि १ जानेवारी २०२३ पासून त्याच कराराखालीं मनाई झाली आहे. नौकेच्या दृष्टीनें जें उत्तम, तें पाण्याच्या दृष्टीनें अधम ठरूं शकतें, हा तो धडा.

तांबें टिनच्या त्या संयुगाइतकें उग्र नाहीं. पण तेंहि विषच. हिशेब करून पहावा. ज्या होडीचा पाण्याखालचा भाग ३० चौरस मीटर आहे, तिच्यांतून वर सांगितलेल्या प्रमाणानें रोज ३ ग्राम तांबें उतरतें, म्हणजे वर्षाला एक किलोग्रामाहून थोडें अधिक. भर समुद्रांत तें कोठल्या कोठें विरून जाईल. पण एका अरुंद खाडींत अशा शंभर होड्या नांगरून राहिल्या तर वर्षाला शंभर किलोग्रामांहून अधिक तांबें त्या खाडीला पचवावें लागेल. त्याच खाडींत ओहोटीला बायामाणसें तिसऱ्या वेंचतात, कालवें फोडतात, आणि तीं शहरांतील घरांच्या ताटांत येतात. ज्यांनीं जन्मांत कधीं होडींत पाऊल ठेवलेलें नाहीं त्यांचाहि तळरंगाशीं संबंध येतो तो असा.

आतां कोंकणच्या एखाद्या खाडींतील तांडेल डोळ्यांपुढें आणावा. होडी फायबरग्लासची, सुमारें दहा मीटर लांबीची, डिझेल यंत्रावर चालणारी. पावसाळ्यांतील मासेमारीबंदीच्या काळांत ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते व नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्रावर जाऊं लागते. अशा तांडेलानें रंगाच्या डब्याकडे पाहण्यापूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत.

पहिला प्रश्न : तळ कशाचा? फायबरग्लासला तांब्याचा रंग चालतो. लाकडालाहि चालतो, पण तेथें एकहि जागा उघडी राहतां कामा नये, कारण टेरेडोला टांचणीएवढें दार पुरे होतें. पोलादावर आधीं गंजरोधक अस्तराचे पुरेसे हात देऊन मगच तळरंग द्यावा. ॲल्युमिनियमच्या तळावर मात्र क्युप्रस ऑक्साइडचा रंग कधींहि लावूं नये; ‘अलार्म’च्या खिळ्यांची जी गत झाली तीच त्या तळाची होईल. त्या धातूकरितां निराळे रंग मिळतात.

दुसरा प्रश्न : होडी किती चालते? रोज समुद्रावर जाणाऱ्या होडीला झिजणारा रंग मानवतो, कारण चालण्यानें तो सारखा ताजा होत राहतो. महिनाभर एका जागीं डोलत राहणाऱ्या हौशी नौकेला तोच रंग तितका लाभत नाहीं. तिच्या मालकानें तळाचीं झडती वारंवार घ्यावी हें बरें. तिसरा प्रश्न : ती पाण्याबाहेर केव्हां व किती काळ राहते? कठीण रंग दीर्घकाळ हवेंत राहिला तर त्याच्या पृष्ठभागावरील तांब्याचा जोर मावळतो. म्हणून दरवर्षीं पावसाळाभर वर राहणाऱ्या होडीला, उतरण्याच्या थोडे दिवस आधीं झिजणाऱ्या रंगाचा नवा हात देणें हेंच सोयीचें. जूनमध्यें होडी ओढतांक्षणींच रंग देऊन मोकळें होणें म्हणजे लग्नाच्या आधीं दोन महिने फुलें आणून ठेवणें होय. चौथा प्रश्न : होडी कोठें नांगरते व कशावर घासटते? गढूळ पाणी व वेगाची भरती-ओहोटी असेल तर झिजणारा रंग लवकर जातो. तेथें एखादा हात अधिक द्यावा. वाळूवर टेकणाऱ्या होडीच्या तळाचा कणा, सुकाणू, नाळेची धार व पाणरेषा या जागा सर्वांआधीं उघड्या पडतात. तेथेंहि जादा हात हवा. आणि खाडी अरुंद व गर्दीची असेल, जवळ कालवांच्या जागा असतील, तर जेवढ्यानें भागेल तेवढेंच तांबें असलेला रंग घेऊन उरलेलें काम हातानें घांसण्यावर सोपवावें. अति तेथें माती, हें येथें अक्षरशः खरें आहे. कारण रंगांतील तांबें शेवटीं खाडीच्या गाळांतच जाऊन बसतें.

निवड बरोबर होऊनहि लावण्यांत चूक झाली तर पैसे पाण्यांत जातात. तांब्याची भुकटी जड असल्यामुळें डब्याच्या तळाशीं बसते. डबा नीट ढवळला नाहीं तर होडीच्या एका बाजूला नुसतें तेलपाणी व दुसऱ्या बाजूला सारें औषध असा प्रकार होतो. पुरवठ्यास यावा म्हणून रंग मनास येईल तसा पातळ करूं नये. तांबडा दिसतो म्हणून तो तळरंगच, असेंहि समजूं नये. गंजरोधक साधा रंगहि तांबडाच असतो, आणि बार्नेकलला त्याचें कांहींच वाटत नाहीं. डब्यावर काय लिहिलें आहे तें वाचावें व रंग तांब्याचा आहे याची खात्री करून घ्यावी. एक जुनी व उपयोगी युक्ति अशी कीं, पहिला हात एका रंगाचा व वरचे हात दुसऱ्या रंगाचे द्यावे. खालचा रंग डोकावूं लागला कीं औषध संपत आल्याची ती खूण. जुना तळरंग कोरडा घांसूं नये, कारण त्याची धूळ विषारी असते. तो ओला करून, नाकातोंडाला फडकें किंवा मुखवटा बांधून खरवडावा, लहान मुलांना जवळ फिरकूं देऊं नये, आणि निघालेला चोथा वाळूंत न सोडतां ताडपत्रीवर गोळा करावा. समुद्राचें विष समुद्रांतच लोटून दिलें तर त्या हंगामांतील सारी काटकसर फुकट गेली.

एवढें करूनहि एक शंका उरतेच. एका खाडींत उत्तम ठरलेला रंग दोन खाड्या पलीकडे तितका गुण देत नाहीं, कारण पाण्याचा खारटपणा, गाळ, प्रवाह व जीवांच्या जाती बदलतात. यावर शास्त्रज्ञहि जी परीक्षा करतात ती कोणाहि तांडेलाला करतां येण्याजोगी आहे. ज्या द्रव्याची होडी त्याच द्रव्याचे हातभर लांबीचे तीनचार तुकडे घ्यावेत; एक कोरा ठेवावा व बाकीच्यांना निरनिराळे रंग द्यावेत; आणि नेहमीं होडी नांगरते तेथेंच ते दोरीनें पाण्यांत सोडून महिन्यामहिन्याला वर काढून पहावेत. कोऱ्या तुकड्यावरील गर्दी पाहिली म्हणजे शत्रूचें बळ समजतें, आणि रंगविलेल्यांची तुलना केली म्हणजे कोणतें सौम्य औषध पुरेसें आहे हें कळतें. दोन रंग सारखेच स्वच्छ राहिले तर त्यांतील कमी तांब्याचा घ्यावा. दुकानदार आपला रंग सांगेल, शेजारचा तांडेल आपला अनुभव सांगेल. त्या खाडीपुरता निकाल मात्र दोरीला बांधलेल्या त्या तुकड्यांवर ज्याला त्याला वाचतां येईल.